कोड बदलला, सार!

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. वेल्डिंग कोडची, म्हणजे आमच्या नियमांच्या पुस्तकाची, नवी आवृत्ती आली की आधी धावपळ, किस्सा मागाहून!

कारखाना गुम्मिडिपूंडीला, पार दक्षिणेत. आम्ही प्रेशरच्या टाक्या बनवतो. कुठला जोड कसा वेल्ड करायचा याची प्रोसिजर लिहायची, आणि कोड बदलला की तपासून पुन्हा लिहायची, हे माझं काम. मी मिरजेचा. साहेब गोविंदराव तिकडच्याच वेस्ट मांबलमचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी.

पहिल्याच आठवड्यात नवा कोड माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "अस्के वाच. एक चुकलं तर टाकी फुटेल!"

मी घाबरून दुपारपर्यंत अनुक्रमणिकेत 'अस्के' शोधत होतो. तंजावरीत अस्के म्हणजे सगळं!

*

तेवढ्यात मिरजेहून आईचा फोन. "मुलगी बघायला कधी येतोस?"

"नव्या एडिशनचं आटपू दे गं. झोप उडालीय माझी."

आईने दबक्या आवाजात विचारलं, "एडिशन? ख्रिश्चन आहे का रे?"

*

प्रोसिजर सुधारली. वेल्डिंगआधी पत्रा आता जास्त तापवायचा होता. एके सकाळी शॉपवर गेलो, तर आमचा वेल्डर सेल्वम जुन्याच कागदाप्रमाणे काम करतोय! मी धावलो.

"अरे, नवा कागद दिला होता ना?"

"तो साधा कागद, सार. हा लॅमिनेटेड आहे. खरा कुठला वाटणार?"

*

त्या जोडाला आतून तडा गेला असेल तर? अल्ट्रासॉनिक टेस्ट लावली. गोविंदराव भिंतीकडे तोंड करून उभे. कुणी चहासुद्धा घेतला नाही.

"सर, तडा नाही!" मी ओरडलो.

ते वळले. चेहरा आणखीच पडलेला. "का नाही? जोड तर जुन्या कागदाने केलाय ना!"

तो जोड कापून नव्याने करायला लावला, तेव्हा कुठे जेवले.

*

पुढे त्यांच्या छातीत दुखू लागलं. बायपास ठरली. ऑपरेशनला नेताना मी स्ट्रेचरबरोबर चालत होतो. माझा हात त्यांनी घट्ट धरलेला.

सर्जन आले. खांद्यावर थोपटून म्हणाले, "बिलकुल घाबरू नका, सर. शिकलो तश्शीच करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही!"

गोविंदराव स्ट्रेचरवर उठून बसले.