लोणच्याच्या ट्रंकेतले रुपये

माझ्या पर्समध्ये बरीच वर्षं एक लोहचुंबक असायचा. स्ट्रॉबेरीच्या आकाराचा, फ्रिजच्या दारावरून उचललेला. चंडीगडला आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये भाजीवाल्याने सुटे पैसे परत दिले की मी ते तळहातावर पसरायचे, इकडेतिकडे बघायचे आणि हळूच ती स्ट्रॉबेरी वरून फिरवायचे. जे नाणं टुणकन उडी मारून चिकटलं ते स्टीलचं. त्याची तिथेच कोथिंबीर घ्यायची. जे ढिम्म हललं नाही ते तांबं-निकेलचं. ते पर्सच्या आतल्या कप्प्यात.

"भाभीजी, मेरे पैसे नकली हैं क्या?" एकदा भाजीवाल्याने विचारलंच.

"नहीं भैया, ज़रूरत से ज़्यादा असली हैं," मी म्हणाले आणि राणीसारखी निघून आले.

हे वेड लागलं मेसमधल्या एका पार्टीत. माझा नवरा हवाई दलात, त्यामुळे अशा पार्ट्या माझ्या नशिबात पुष्कळ. तिथे एक वरिष्ठ अधिकारी सूप पिता पिता म्हणाले, की जुन्या नाण्यांतल्या धातूची किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त असते, म्हणून तर लोक ती दडवतात. बाकीच्यांनी "अच्छा?" म्हणून सूप संपवलं. माझं सूप मात्र गार झालं. जुन्या साड्या देऊन स्टीलचे डबे घेणाऱ्या सांगलीच्या बायकांत मी वाढलेली. रुपया देऊन सव्वा रुपया हातात पडत असेल, तर बाई गप्प बसेल का?

साठवायला जागाही झकास सापडली. आमच्यासारख्या बदलीवाल्यांचा संसार काळ्या ट्रंकांत असतो. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा आणि कुठल्या ट्रंकेत काय आहे याची यादी करायची. यादी नवऱ्याची, पण मजकूर मी सांगायचे. नऊ नंबरच्या ट्रंकेपुढे मी लिहायला लावलं : "लोणचं, जुनं." त्याला पित्ताचा त्रास, लोणच्याकडे तो बघतही नाही. नऊ नंबर भूज फिरून आली, जोरहाट फिरून आली आणि प्रत्येक बदलीत थोडी जड होत गेली. चंडीगडला सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही एका घराचा पहिला मजला भाड्याने घेतला. ट्रंक जिन्यावरून चढवताना हमाल कळवळला, "मैडमजी, अचार में पत्थर डाले हैं क्या?"

"पुराना है भैया. पुराना अचार भारी होता है."

नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, "अगं, फेकून दे ना एकदा ते."

"पाच वर्षांचं मुरलेलं आहे!" मी छातीवर हात ठेवून म्हणाले. हे अगदीच खोटंही नव्हतं.

क्वार्टर आज मिळेल, उद्या मिळेल म्हणता म्हणता आम्हाला त्या घरात वर्ष झालं. एका दुपारी मी मूठभर नाणी रुमालात बांधून पिंजौरच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे गेले. आवाज खाली आणून, डोळे बारीक करून भाव विचारला. त्याने एक नाणं उलटसुलट केलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं.

"ये रुपया है जी. गलाया तो आप भी अंदर, मैं भी अंदर. रुपया है, जाके रुपये की चीज़ ले लो."

एवढ्या वर्षांचा माझा मनोरा एका वाक्यात खाली! "मैं तो आपका टेस्ट ले रही थी," असं म्हणून मी मान ताठ ठेवून बाहेर पडले. घरी आल्यावर नाणी परत ट्रंकेत. कायदे बदलतात, मी स्वतःला सांगितलं. माझा आशावाद काही कमी झाला नव्हता.

त्याच सुमारास घरमालकाने खालचं गॅरेज एका बाईला भाड्याने दिलं. चाळिशीची, पिंजौरची. रोज सकाळच्या बसने यायची, संध्याकाळच्या बसने परत. तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करत होती. ते सोडून तिने आहेराची पाकिटं बनवायला घेतली होती. इकडे पाकिटाला शगुनाचा लिफाफा म्हणतात आणि त्यावर खरा रुपया चिकटवलेला असतो. आत पाचशेची नोट, वर हा रुपया, म्हणजे पाचशे एक झाले. तिची पाकिटं सुरेख असायची : मरून मखमल, सोनेरी गोट, मधोमध रुपया. गॅरेजच्या दारात स्टूल टाकून मी तिचं काम बघत बसायचे आणि माझ्या नाटकी गोष्टींनी तिला हसवायचे.

एका सोमवारी ती हसेना. सेक्टर १७ मधल्या एका मोठ्या दुकानाने तिला पहिल्यांदाच ऑर्डर दिली होती. पाचशे पाकिटं, नाणी चिकटवून, शनिवारपर्यंत. लग्नसराई तोंडावर होती. पाकिटं तयार होती, रुपयेच मिळत नव्हते. दुकानदार फोनवर पैसे घेतात, त्यांच्या गल्ल्यात नाणी नाहीत. बँकेने एक छोटी थैली देऊन पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. एक जण नाणी विकत होता, पण शंभराच्या नाण्यांना सव्वाशे मागत होता.

"शनिवार को नहीं दिए तो वो दिल्ली से मंगवा लेगा," ती म्हणाली. "फिर ये गैरेज छोड़ दूंगी भाभीजी. वापस कारखाने."

आता माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. तिच्या डोक्यावर, बरोब्बर एका मजल्यावर, रुपयांनी भरलेली ट्रंक! मी काय केलं? मी तिला शोधायला मदत केली. खरंच. मंगळवारी तिच्याबरोबर तीन बँका फिरले, खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घातली, "इस बेचारी का सोचिए" असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. परतताना तिने माझा हात धरला. "आपके जैसा कोई नहीं करता, भाभीजी." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बुधवारी दुपारी खाली गेले, तर तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या सोनेरी चकत्यांचं पुडकं. अगदी रुपयाएवढ्या, वर गणपती छापलेला.

"होलसेलवाला बोला, ये चिपका दो, आजकल सब चलता है."

"चलता है क्या?"

"चलता तो है." तिने एक चकती नखाने टिचकी मारून उडवली. "पर लोग ये देके बच्चों को आशीर्वाद देते हैं. ऊपर का एक रुपया इसलिए होता है कि रिश्ता आगे चले. प्लास्टिक से क्या चलेगा? नहीं लगाऊंगी. कारखाना ही सही." तिने पुडकं बांधून बाजूला ठेवलं आणि पाकिटं एका खोक्यात भरायला लागली. रडत नव्हती. नीट, कडेला कड लावून भरत होती, आणि मला तेच बघवेना.

मी वर गेले. नवरा नुकताच ऑफिसातून आला होता, बूट काढत होता.

"ऐक. नऊ नंबर खाली न्यायचीय."

"लोणचं? शेवटी मुरलं?"

"मुरलं."

त्याने झाकण उघडलं. वर वर्तमानपत्र होतं, त्याखाली पिशव्या : पाचाच्या, दोनाच्या, एकाच्या. त्याने एक पिशवी हातावर तोलून पाहिली आणि म्हणाला, "मी हे जोरहाटला तिसऱ्या मजल्यावर चढवलं होतं. स्वतः. लिफ्ट बंद होती."

"आठवतंय."

"माझी पाठ धरली होती."

"शेकायला गरम पाण्याची पिशवी कुणी दिली होती?"

मी त्याला खालच्या पाकिटांची अडचण सांगितली. मग त्याने एक रुपया उचलला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "काळा पडलाय. असे देणार आहेस? अगं, लग्नात जाणार ना हे!" हवाई दलाचा माणूस. त्याला फसवणूक चालते, मळ चालत नाही.

एकाच्या नाण्यांची पिशवी मी गॅरेजमध्ये नेऊन तिच्या टेबलावर ओतली. जुने, मोठे, जाड रुपये. तिने आधी नाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ये कहां से मिले?"

"ऊपर से," मी म्हणाले. "मेरे ही थे. कल भी थे, जब हम बैंक गए थे."

मला वाटलं, आता ही मला त्याच नाण्यांनी मारणार.

"भाभीजी," ती म्हणाली, "आपने उस बैंकवाले के सामने जो आंसू निकाले थे, वो भी आपके ही थे?" आणि मग ती अशी हसली की खिडकीतून घरमालक डोकावला.

गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरात चिंचेच्या पाण्यात रुपये भिजले. नवरा ब्रशने घासायचा, मी पुसायचे. आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी आमची लेक संध्याकाळी घरी आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून. तिने माझ्या चुंबकाची गोष्ट ऐकली, फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "मम्मा, प्योर निकल भी चुंबक पे चिपकता है. बहुत पुराने वाले रुपये प्योर निकल के थे. यार, सबसे महंगे वाले तो आपने धनिया में उड़ा दिए!"

नवऱ्याने ब्रश खाली ठेवला आणि पोट धरून हसला. त्याच्या पाठीचा हिशेब तिथे मिटला, असं मी समजते.

शनिवारी मी तिच्याबरोबर सेक्टर १७ ला गेले. दुकानदाराने पहिलं पाकीट उचललं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ये तो पुराने सिक्के हैं. मुझे नए चमकीले चाहिए थे. आजकल तो लोग लिफाफे पे क्यूआर कोड मांगते हैं, आप ये म्यूज़ियम ले आए?"

तिचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, इतक्यात तीच पुढे झाली. खोक्यातून एक पाकीट काढून तिने दुकानदाराच्या हातावर आडवं ठेवलं.

"वज़न देखिए जी. बंद आंखों से भी पता चलेगा कि शगुन हाथ में आया है. ऐसा दिल्लीवाला दे देगा?"

त्याने पाकीट वरखाली केलं. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गिऱ्हाईक बाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, रुपयावर बोट फिरवलं. "हाय, ये तो हमारे टाइम वाला है. भाई साहब, ये वाले बीस दे दो."

"लो जी," दुकानदार म्हणाला. खोकं त्याने काउंटरच्या आत ओढून घेतलं. "जनवरी के लिए सात सौ. सिक्का जो भी हो, पर असली."

सगळा सौदा मी एक शब्द न बोलता उभी राहून ऐकला, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. बाहेर आल्यावर तिने पाचशेची एक नोट माझ्या हातात ठेवली. पाचशे रुपयांचे पाचशे रुपये. मी घेतले आणि आम्ही दोघींनी त्यातून छोले-भटुरे खाल्ले.

गॅरेज तिने सोडलं नाही. पिंजौरहून आता तिची नणंदही बरोबर येते. काल खाली दुसरं टेबल आलं, आणि सकाळपासून दोघी भांडतायत, की गोंद आधी पाकिटाला लावायचा की रुपयाला.