हिराताईंचा खुंटा

हिराताई कामावर आल्या की आधी टाकीवर जायच्या, मग चहाला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला आमचा कारखाना. त्याचं सांडपाणी जिथे साफ व्हायचं ती ही उघडी टाकी. तपकिरी, हवेने सतत खळखळणारी. साफ करायचं काम खरं तर त्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचं. हिराताई बाटलीतून थोडं पाणी आणायच्या, काचेवर एक थेंब ठेवायच्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आणि विचारायच्या, "काय गं पोरींनो, उठल्या का?" पोरी म्हणजे अंगभर लव असलेले, ती लव वल्ह्यासारखी मारत फिरणारे एकपेशीय जीव. ते फिरताना दिसले की टाकी ठीक. मग चहा.

त्या दातिवऱ्याच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या, दहावी पास. मी सांगलीकडचा, एम.एस्सी. होऊन नवा लागलेला केमिस्ट. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं, की ही लव नुसती कातडीवर चिकटलेली नसते. प्रत्येक केसाच्या बुडाशी, पेशीच्या आत, एक बारीक दंडगोल रोवलेला असतो. गोलात नऊ ठिकाणी, तीन-तीन नळ्या. पुस्तकात त्याला बेसल बॉडी म्हणतात.

"दिसतं का ह्यातनं?" त्यांनी विचारलं.

"नाही. फार बारीक असतं."

"म्हंजे तुमी पन बघितलं नाय." त्या हसल्या. "आमच्या होडीत वल्हं बांधायला खुंटा असतो ना, तोच हा. वल्हं मोडलं तर दुसरं बांधता येतं, मास्तर. खुंटा उपटला तर होडी कसली, नुसतं लाकूड."

तेव्हापासून मी मास्तर झालो आणि बेसल बॉडीचा खुंटा झाला. डबा उघडताना त्या म्हणायच्या, "मास्तर, बोंबील घेता का, का पुस्तकात लिहिलंय खाऊ नका म्हनून?" माझं अक्षर वाईट, त्यांचं मोत्यासारखं. म्हणून आमची एक पद्धत पडली. मी मोजायचो आणि मोठ्याने सांगायचो, रजिस्टरमध्ये त्या लिहायच्या.

ती सकाळ आता सांगतो. कारखान्यातून येणारं पाणी आम्ल असायचं. चुना घालून त्याचा पीएच सातावर आणायचा, कागदी पट्टी बुडवून रंग बघायचा आणि मगच टाकीकडे सोडायचं, असा नियम. कित्येक महिने रोज सातच यायचं. त्या दिवशी मी पट्टी फाडली, बुडवली नाही. तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि ओरडलो, "सात!" हिराताईंनी सात लिहिलं. मी व्हॉल्व्ह उघडला. घरून फोन आला होता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे फोन नंतर आला.

चुना पडलेलाच नव्हता. दुपारी हिराताईंनी थेंब पाहिला आणि बराच वेळ डोळा काढला नाही. "बोडक्या झाल्यात सगळ्या. एक हालत नाय."

मोठे साहेब आले. रजिस्टर उघडून त्यांनी त्या सातावर बोट ठेवलं. "हे कुणी मोजलं?"

माझी नोकरी कायम व्हायला एक महिना राहिला होता. मी रजिस्टरकडे पाहत राहिलो. हिराताईंनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच.

"अक्षर माझं हाय, साहेब," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांचा हिशेब करून त्यांना घरी पाठवलं. साहेबांचं म्हणणं, टाकी उपसा, शेण घालून नवे जीव वाढवा. गेटपाशी हिराताई थांबल्या. एका शब्दाने विचारलं असतं तर मी सगळं कबूल केलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उपसू देऊ नका, मास्तर. वल्ही गेलीत, खुंटे जाग्यावर असतील. चांगलं पानी द्या नि थांबा."

मी साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या सकाळी थेंबात एक पोरगी जागच्या जागी थरथरत होती. तिसऱ्या दिवशी चार-पाच फिरत होत्या. टाकी वाचवल्याबद्दल साहेबांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

त्यानंतर दोनदा दातिवऱ्याला निघालो. दोन्ही वेळा एडवणच्या किनाऱ्यावर गाडी थांबवली, समुद्र बघितला आणि बोईसरला परत आलो. प्रयोगशाळेत त्यांच्या जागेवर तीन माणसं येऊन गेली. पाण्याशी कुणी बोललं नाही.

तिसऱ्यांदा पोचलो, यंदा, चौदा वर्षांनी. अंगणात त्यांची सून काठ्यांवर ओळीने सुकत घातलेले बोंबील उलटत होती. हिराताई गणपतीच्या आधीच गेल्या होत्या.

मी उभ्या उभ्याच तिला सांगितलं. "मी कारखान्यातला मास्तर. त्या दिवशी मी पट्टी बुडवली नव्हती. चूक माझी होती."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय. आईंनी कचऱ्याच्या डब्यात बघितली व्हती. कोरडी."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हनून." तिने पुढची काठी उचलली. "पयली दोन-तीन वर्षं सांगायच्या, येल मास्तर, खुंटा जाग्यावर हाय त्याचा. मग नाय काढलं कदी नाव."

तिने बसायला खुर्ची आणली. मी बसलो नाही. ओळीतले उरलेले बोंबील तिच्याबरोबर उलटत राहिलो. ती नको म्हणाली नाही.