कोरडी पाव्हणी

मी एसटीत कंडक्टर आहे, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. डेपोतले ड्रायव्हर म्हणतात, बाईंनी घंटी नाही वाजवली तरी चालते, नुसतं "चला" म्हटलं की गाडी भिऊन हलते. एवढं तोंड असूनही एक गोष्ट मला कित्येक वर्षं मोठ्याने सांगता आली नाही. माजरीला जिच्यासोबत मी राहते, ती माझी कोण लागते?

ती कोळशाच्या खाणीत डंपर चालवते. घराएवढी गाडी ती अशी वळवते की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आम्ही एका ताटात जेवतो, एकमेकींची दुखणीखुपणी काढतो, आणि भांडायला लागलो की शेजारीण टीव्हीचा आवाज कमी करून ऐकते. पण कोणी विचारलं की मी म्हणायची, "मैत्रीण." ती खाणीत सांगायची, "बहीण." क्वार्टर बघायला आलेल्या साहेबाला आम्ही दोघींनी एका सुरात सांगितलं होतं, "रूम पार्टनर." नंतर आम्ही इतक्या हसलो की चुलीवरचं दूध उतू गेलं.

माझं माहेर मूल शहराच्या पुढे, तलावाकाठच्या गावात. आमचं घर ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं. लहानपणी गावात दंडार व्हायची, म्हणजे रात्रभराचं नाचगाण्याचं नाटक. त्यात एक माणूस लुगडं नेसून असा नाचायचा की म्हाताऱ्यासुद्धा शिट्ट्या मारायच्या. दुसऱ्या दिवशी तोच जाळं घेऊन तलावावर निघाला की पोट्टे मागून ओरडायचे, "बायक्या, ओ बायक्या!" त्याच्यासाठी निदान शिवी तरी होती. माझ्यासारखीसाठी तीही नव्हती. फार तर म्हणायचे, "पोट्टी नाई, पोट्टा हाय." अरे बाप्पा, मी कुठची पोट्टा! मला वेणी आवडायची, बांगड्या आवडायच्या, आणि मागच्या आळीतली एक पोरगी आवडायची. याला काय म्हणतात हे विचारायचं तरी कोणाला?

'समलिंगी' हा शब्द पहिल्यांदा दिसला तो डेपोच्या रेस्टरूममध्ये, पेपरात, चोऱ्यामाऱ्यांच्या पानावर. पुढे कोर्टाने हा गुन्हा नाही म्हटलं आणि तोच शब्द पहिल्या पानावर आला. म्हटलं, चला, शब्दाचं प्रमोशन झालं! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी सुट्ट्या पैशांवरून मी कोणाशीच भांडले नाही. पण हा शब्द आईपुढे कसा काढायचा? जीवशास्त्राच्या पुस्तकातून फाडून आणल्यासारखा तो वाटायचा. चुलीजवळ बसून काही असं बोलता येत नाही.

मग एकदा आम्ही दोघी नागपूरला एका मेळाव्याला गेलो. तिथे कॉलेजातली पोरं, केस निळे-हिरवे, बोलायला एकदम चुणचुणीत. ती स्वतःला 'क्विअर' म्हणत होती. एका पोरीने समजावलं, की इंग्रजीत ही आधी शिवीच होती, पण ज्यांना दिली त्यांनीच ती उचलली आणि आपलं नाव करून टाकली. आमची डंपरवाली लगेच म्हणाली, "म्हंजे आपल्या गावच्या नाच्यानं सोताच छाती ठोकून म्हनावं, हाव, मी बायक्या, मंग?" पोरगी म्हणाली, "अगदी तसंच, काकू." काकू म्हटल्याचा तिला राग आला, पण अर्थ पटला.

एक वयस्क बाई बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, "लहानपणी छक्का ऐकला. मग कागदोपत्री तृतीयपंथी झाले. आता ही लेकरं मला पारलिंगी म्हणतात. बरं वाटतं. तिसरी म्हणायचे तेव्हा मी विचारायची, पहिला-दुसरा नंबर कोणी लावला गा?" सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी इथे सांगून टाकते. नंतर फळ्यावर ती इंग्रजी अक्षरांची माळ लिहिली, एलजीबीटीक्यू, आणि शेवटी एक अधिकचं चिन्ह. ते कशाला, असं मी विचारलं. कोणी सुटू नये म्हणून, असं उत्तर आलं. "म्हणजे लग्नपत्रिकेत खाली 'व समस्त आप्तेष्ट' लिहितात तसं," मी म्हटलं. पोरांनी ते वाक्य लगेच फळ्यावर लिहून काढलं. त्या दिवशी मी भल्ली खुशीत होते.

परत येताना मात्र आमची डंपरवाली वरोरा गेल्यावर म्हणाली, "शब्द सारे चांगले हायेत. पन तुही आई मले एकाही शब्दानं हाक मारत नाई."

खोटं नव्हतं ते. आई तिच्याशी कधी वाईट वागली नाही, पण बोलायची ती माझ्यामार्फत. ती समोर पाटावर बसलेली असायची आणि आई मला म्हणायची, "तिले इचार, भात वाढू का?" ना नाव, ना बाई, ना पोरी. गावाने ठरवूनच टाकलं होतं की म्हातारीच्या मनात राग आहे. मलाही तसंच वाटायचं.

उन्हाळ्यात माझ्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं. भावाने फोनवर सांगितलं, दोघी या. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "या खेपेस येईन. पन पाव्हनी म्हनून गेली न पाव्हनीच परत आली, तं यापुढं तू एकटीनंच जात जा. मी रागावनार नाई. थकली आता." ती रागावली असती तर मी भांडले असते. शांतपणे म्हणाली, म्हणून मी नुसता रजेचा अर्ज लिहायला घेतला.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवावर टाकायच्या जांभळीच्या डहाळ्या घरच्या जावयांनी आणायच्या. जावई डहाळ्या घेऊन आले की घरच्या बाया दार अडवतात. एकेका जावयाचं नाव न घेता, त्याच्या गावावरून गाणं म्हणून त्याची टर उडवायची, आणि गाणं संपलं की हळदीचं, राखेचं, जे हाताला लागेल ते पाणी त्याच्या डोक्यावर ओतायचं. जितका भिजवला तितका त्याचा मान मोठा. कोरडा राहिलेला जावई आयुष्यभर ते उगाळतो. माझ्या दोन बहिणींचे नवरे, एक घुग्घुसचा आणि एक कोरपन्याचा, सकाळपासून नवे कपडे वाचवायला जुने बनियन घालून तयार बसले होते.

जांभळं आमच्याच शेताच्या धुऱ्यावरची, पण तिकडे जायचं ते तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून. ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन भाऊ जाणार होता, तर तो आचाऱ्याला आणायला मूलला अडकला. दोघे जावई म्हणाले, आम्हीच नेतो, त्यात काय! नेला. थोड्या वेळाने घुग्घुसवाला पायी परत आला, घामाने थबथबलेला. पाळीवर ट्रॉली आडवी अडकली होती. पुढे जाईना, मागे येईना, एक चाक तलावाकडे लोंबत होतं, आणि कोरपन्याचा जावई वर बसून देवाचा धावा करत होता.

आमची डंपरवाली उठली, ओढणी कमरेला बांधली आणि निघाली. मी आणि घुग्घुसवाला मागोमाग. तिने कोरपनावाल्याला खाली उतरवलं, एकदा भोवती फिरून बघितलं, आणि ट्रॅक्टर इंच-इंच मागेपुढे करत ट्रॉली सरळ करून दिली. कोरपनावाला हात जोडून म्हणाला, "बाई, आता तुमीच चालवा, आमी डहाळ्या तोडतो." त्या तिघांनी मिळून ट्रॉली भरली. परत येताना ती स्टेअरिंगवर, दोन्ही जावई मागे डहाळ्यांत बसलेले, वरात निघाल्यासारखे ओरडत होते.

दारात बाया पदर खोचून उभ्याच होत्या. माझ्या मोठ्या काकूने सुरू केलं:

"कोरपन्याचा जावई, आनली एक डहाळी,
जेवाले बसला तं चाटली सासूची थाळी!"

आणि धडाधड दोन बादल्या. घुग्घुसवाल्याची तर त्याच्या गावच्या कोळशाच्या धुळीवरून अशी काही काढली की ती इथे लिहिता येत नाही. तो चिंब होऊन नाचत आत गेला. मग आमच्या हिची पाळी. ती खांद्यावर डहाळी घेऊन दारात आली.

गाणं थांबलं. काकू एक पाऊल मागे सरकली, पदर सावरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "या बाई, या. तुमी आत या. यायले वाट द्या वं, पाव्हन्या हायेत."

बायांनी वाट दिली. किती अदबीने दिली! एक थेंबसुद्धा तिच्या अंगावर उडू नये म्हणून एकीने बादली मागे घेतली. ती तशीच उभी राहिली. डहाळी खांद्यावर, चेहऱ्यावर हसू कसंबसं धरून ठेवलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ही आता आत जाईल, जेवेल, अक्षता टाकेल, आणि पुन्हा या दारात कधी येणार नाही.

माझं डोकंच फिरलं. शिवी दिली असती तर चाललं असतं, पण हा मान! मी स्टँडवर ओरडते तसा आवाज काढला, "काऊन वं? हिनं आनली नाई का डहाळी? तुमचे जावई तं तलावात जात होते, तेव्हा..."

"तू गप!"

आई होती. ती ओट्यावरून उतरली, मासे धुवायची मोठी टोपली बाजूला सारली, आणि हळदीच्या पाण्याची घागर दोन्ही हातांनी उचलली. आईचं वय बघता मी धरायला धावले, तर मला कोपराने ढकललं. दारात येऊन ती हिच्यासमोर उभी राहिली. आई आयुष्यात कधी मोठ्याने गायली नव्हती. बाजारात मासे विकतानासुद्धा ती ओरडायची नाही, गिऱ्हाईकच तिच्याकडे यायचं. तिने घसा खाकरला आणि बेसूर, पण ठणठणीत म्हटलं:

"माजरीची जोडीदारीन, बसली ट्रॅक्टरवर,
माही पोरगी घेऊन गेली, मले सोडलं वाऱ्यावर!"

आणि सगळी घागर तिच्या डोक्यावर रिकामी केली.

मग काकू म्हणाली, "अवं माय वं, हिनं तं जोरात काढली!" आणि बाया सुटल्या. राख काय, हळद काय, भांडी घासलेलं पाणी काय! दोन्ही जावई आतून धावत आले आणि तक्रार करू लागले की आमच्यापेक्षा हिला जास्त भिजवलं, हा अन्याय आहे. कोरपन्याचा म्हणाला, "आमाले बादली न तिले घागर? मी जेवनार नाई जा!" ती मधोमध उभी होती, पिवळी-काळी, डोळे चोळत, आणि हसते आहे की रडते आहे हे तिचं तिलाही कळत नसावं. मी तर सरळ रडत होते. लाज कसली त्यात!

नंतर मागच्या अंगणात ती केस पिळत बसली होती. मी शेजारी. आई आपलं एक धुतलेलं लुगडं घेऊन आली आणि तिच्याच समोर, माझ्याकडे न बघता, खाली बसली.

"मले राग नव्हता वं," आई म्हणाली. "मले शब्दच नव्हता. मैत्रीन म्हनावं तं खोटं. सून म्हनावं तं पोरगं नाई. काई भलतंच तोंडातून गेलं तं तू येनं बंद करशीन, म्हनून म्या तोंडच शिवून घेतलं. लोकाले वाटलं म्हातारी रुसली."

तिने लुगडं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आई, चुकीचा शब्द चालला असता मले. तुमी म्हनाले तं पाह्यजे होतं."

"हाव ना. आता समजलं." आईने नाक पुसलं. "मंग आता काय म्हनू?"

"ते गान्यात म्हटलं ते काय वाईट हाय?"

"ते दारात म्हनाले बरं हाय. चुलीपासून हाक माराले लांब पडते." आई विचार करत उठली, गुडघ्यावर हात ठेवत, आणि काही न ठरवताच स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून खूप हसलो. मी तिच्या कानामागची राख पुसत होते.

थोड्या वेळाने आतून हाक आली, "पोरी! चुलीवरून भाताचं गंज उतरवाले ये!"

मी सवयीने उठले. आईने दारातून डोकं बाहेर काढलं.

"तू नाई वं," ती मला म्हणाली. "ती."

मी खाली बसले. आईने मला नको म्हटलं आणि मला इतकं बरं वाटलं, असं याआधी कधीच झालं नव्हतं. ती ओल्या केसांनी, आईचं लुगडं सावरत, आत गेली.