फडक्यावरची जागा

मल्लेशम गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ताटावरून उठलो आणि आधी कपाटाचा खण उघडून तो वायसर, ती लहानशी लोखंडी चकती, जागेवर आहे का ते पाहिलं. मित्र गेल्यावर हे सुचावं याची लाज वाटली... पण खरं तेच आहे. महिना झाला, अजून एका जागी बसवत नाही.

शुक्रवार पेठेतलं त्याचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुलिंब. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू. मागांच्या खडखडाटात वाढलेला, त्यामुळे कुठला माग बिघडलाय हे त्याला नुसतं ऐकून कळे. तोच कान त्याने मोटारसायकलींना लावला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मध्ये बोललं की खेकसायचा, "गप बस की बे, ती बोलायलीय."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नातेपुत्याच्या शाळेत मला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि माझ्या जुन्या गाडीचा तिसरा गिअर टाकला की आपोआप सुटत होता. मल्लेशमने गाडी स्वतः फिरवून आणली. "शाफ्ट सरकतोय. खोलावं लागतंय," म्हणाला. रविवारी त्याने वहिनींच्या जुन्या लुगड्याचं फडकं अंथरलं आणि निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडत गेला. बसवताना तीच ओळ उलटी. त्या फडक्याला कुणी हात लावायचा नाही. ताण्यातला एक दोरा हलला तर कापड वाया जातं, असं तो म्हणे. तो चहा सांगायला गेला. मी नुसता चुळबुळत होतो, फडक्याचं टोक मांडीवर ओढून रॉकेलचे हात पुसले. एवढंच केलं मी.

बसवता बसवता तो थांबला. "हितं काय तरी होतं बे."

"काही नव्हतं. मी इथंच बसलोय की. उरक आता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि गिअरची पेटी बंद केली.

सोमवारी माळशिरसच्या अलीकडे गिअर सुटला, पेटी आवळली, मागचं चाक जाम झालं आणि मी खडीत पडलो. मनगट मोडलं, नोकरी दुसऱ्याला गेली. मल्लेशमने पेटी पुन्हा खोलली आणि अख्ख्या पेठेला सांगितलं, "माझ्याकडनं वायसर राहिला." लोक काय, टपलेलेच असतात. नजर गेली त्याची, म्हणाले. सहा महिने गॅरेजकडे कुणी फिरकलं नाही. मधल्या काळात आईला धुणं धुताना माझ्या त्या रविवारच्या पँटच्या पायाच्या मुडपलेल्या घडीत तो वायसर सापडला होता. मी तो खणात टाकला. आज सांगू, उद्या सांगू...

मग गिऱ्हाईक परतलं, वर्षं गेली. मी गेलो की तो विचारायचा, "मनगट काय म्हणतंय?" आणि हातात पाना तसाच धरून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायचा. मी म्हणायचो, "थंडीत दुखतं." मग तो कामाला लागायचा.

तेराव्यानंतर वायसर खिशात घालून गेलो. वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

"त्यांना ठाव होतं, भावजी. पेटी खोलली त्याच दिवशी म्हनले, मी माझ्या हातानं मांडला होता वायसर. मी म्हनलं, मग विचारा की. तर म्हनले, मी कशाला विचारू... तो सांगंल की."

त्यांनी फळीवरून घडी घातलेलं फडकं काढलं. त्या रविवारनंतर त्याने ते कधी वापरलं नव्हतं. जमिनीवर पसरलं. तेलाच्या डागांची ओळ अजून दिसत होती, लहानमोठे गोल. मी वायसर हातात घेऊन खाली बसलो. कुठल्या गोलावर ठेवायचा ते मला कळेना. ओळ त्यालाच ठाऊक होती.