उखळाचा तळ

“बाबा, तुमच्या या उखळात पूर्वी दाराचा खुंट फिरत असेल का? तुम्ही गवंडी, तुम्हीच सांगा,” मॅडम म्हणाल्या.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं जन्मभर गवंडीकाम. कासार आंबोलीत आमच्या घरामागं टेकाड आहे, त्याला गाव बुरूज म्हणतं. बुरूज कुणी पाहिलेला नाही. जमीन बंगल्यांच्या प्लॉटिंगला गेली, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या मॅडम सर्व्हेला आलेल्या. पुरावा मिळाला तर टेकाड राहणार, नाहीतर सोमवारी जेसीबी.

टेकाडावर घडीव दगड उरले नव्हते. आम्हीच ते घरांच्या पायात घातले. हे उखळही मीच तिथून आणलं, लग्नाच्या वर्षी. खळगा आयता होता. बायकोनं त्यात जन्मभर चटण्या कुटल्या. गेल्या पौषात ती गेली.

जुन्या दाराला बिजागरी नसायची. दाराचा खुंट दगडाच्या खळग्यात फिरायचा, त्याचे गोल ओरखडे पडायचे. मॅडम तेच शोधत होत्या. ‘व्हय’ म्हटलं असतं तर काम झालं असतं.

“ओरखडे न्हाईत. असतील तर मीच घालवले.”

“म्हणजे?”

“उखळ गुळगुळीत झालं की टाकी लावत्यात, छिन्नीनं खरबरीत करायचं. दर दिवाळीला ही म्हणायची, जगाची घरं बांधताय, माझ्या उखळाला कवा हात लावताय?”

मॅडमनी वही मिटली. “मग मी लिहू काय?”

“तळ कुटं बघितलाय अजून?”

तळ पडवीच्या जमिनीत होता.

“राहू द्या बाबा. त्यांची आठवण आहे.”

“तिची आठवण वर हाय. आपल्याला खालचं बघायचंय.”

पहार मीच घातली. दगड उलटला. तळाला बोटभर जुना चुना चिकटलेला. मी उखळ नुसत्या मातीत बसवलं होतं. म्हणजे चुना माझ्या आधीचा, दगड कुठल्यातरी जुन्या बांधकामातला.

“मग बुरूजच ना?” मी विचारलं.

“बुरूज असावा. देऊळही असू शकेल. चुन्यावरून एवढंच कळतं.”

“असावा म्हणून भिंत उभी राहत न्हाई मॅडम.”

“रिपोर्ट राहतो.”

राहिला खरा. नीट खोदकाम होईपर्यंत टेकाडाला हात लावायचा नाही, असं ठरलं. जेसीबी खालच्या प्लॉटवर गेला.

दगड उचलायच्या आधी तो कुठं होता, कसा होता, हे बघून ठेवावं. हे मला गवंडीकाम सुटल्यावर कळलं. उखळ होतं तिथंच मातीत बसवलंय. सिमेंट लावलं नाही, उद्या कुणी उलटलं तर चुना दिसावा. दिवाळी होऊन गेली. टाकी लावलेली नाही. मागं लागणारं कुणी नव्हतं.