रिकामी गाडी नेणार नाही

माझे पाय गेले होते, आणि माझ्या बहिणीचा नवरा गाडीत सोयाबीनची पोती भरत होता.

हे मी खोटं सांगत नाही. अख्खं गाव साक्षीला आहे.

प्रल्हाद भाऊजी काल सकाळी गेले. अंगणात पिकअपचं ऑइल बदलत होते. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

सकाळपासून सगळे तोच फोटो टाकत आहेत, बॉनेटवर हात ठेवून उभे असतानाचा. फोटो झकास आहे. पण माझा माणूस त्या फोटोत नाही, म्हणून हे लिहितोय.

भाऊजींची डिझेल पिकअप सेकंडहॅंड. घेतली तेव्हा धड होती. मग ह्यांनी तिच्यावर हात चालवला. बाजूंना लोखंडी जाळी, कान किटवणारा हॉर्न, लग्नाच्या मांडवाला लाजवतील एवढे LED. आणि सगळ्यात भारी उद्योग म्हणजे मागचे पाटे वाढवले. चाकांवर वजन झेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या असतात ना, त्यात आणखी जाड पट्ट्या टाकल्या. का, तर जास्त माल बसावा.

माल जास्त बसायला लागला. पण रिकामी गाडी अशी उडायची की ताईनं हौसेनं घेतलेलं काचेचं शोकेस घरी पोचेपर्यंत चुरा झालं होतं.

ताई महिनाभर बोलली नाही. भाऊजी म्हणायचे, "गाडीची चूक नाई. तिले खाली पोटी चालता येत नाई."

आम्ही हसायचो.

मग तो दिवस आला. रिठदजवळ आमचं गाव. सोयाबीन निघालं होतं, पोती अंगणात थप्पी लावून होती. मी गोठ्यावरची टिनं ठोकायला चढलो आणि पाय सरकला. खाली दगडी हौद.

पाठीवर पडलो. दुखतही नव्हतं फारसं. ताईनं पायाला चिमटा घेतला आणि विचारलं, "समजते का?"

मला वाटलं तिनं अजून घेतलाच नाही.

दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, वाशीमच्या डॉक्टरला फोन लावला. ते म्हणाले, मणक्याला मार असेल, फळीवर सरळ झोपवा, धक्का अजिबात लागू देऊ नका, नाहीतर कायमचा अंथरुणाला खिळेल. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन लांब गेलेली. कोणाच्या तरी कारमध्ये बसवायचं म्हटलं तर पाठ वाकणार.

ताई-भाऊजी मळणीसाठी आमच्याकडेच आले होते. दारात पिकअप उभी होती.

लोकांनी गोठ्याचं दार काढलं, मला त्यावर बांधलं. आता उचलायचं, टाकायचं, निघायचं.

आणि भाऊजी आडवे आले.

"रिकामी नेनार नाई. पोते भरा आधी."

मला फक्त आभाळ दिसत होतं. बाकी सगळं ऐकत होतो. पोती पडल्याचे धप धप आवाज. आईचा आवाज. जन्मात जावयाला "तुमी"शिवाय न बोललेली माझी आई ओरडत होती, "अरे, माह्या लेकराचा जीव चालला अन् तू पोते भरून राह्यला? तुले लाज हाय का?"

"मामी, रिकामी नेली त हा वाशीमले पोचन. याचे पाय नाई पोचत."

दादानं त्यांची कॉलर धरली. शर्ट फाटल्याचं मला ऐकू आलं.

"चाबी दे."

"मार मले. पन आधी हे पोतं धर."

मग पोतं पडल्याचा आवाज आला. दादानं धरलं होतं.

भाऊजी मागच्या बंपरवर चढून उड्या मारून पाटे दबतात का बघायचे, हे ताईनं नंतर सांगितलं. "नाई. अजून आन." मी पडल्या पडल्या त्यांना मनातल्या मनात घातल्या तेवढ्या शिव्या आयुष्यात कोणाला घातल्या नाहीत. मला खरंच वाटलं, हा माणूस माझा जीव घेणार.

शेवटी बंपर वजनानं सावकाश दबून वर आला. "आता आना त्याले."

पोत्यांवर दार, दारावर मी, उशाशी ताई.

दादा बाईकवर पुढे, हातानं खड्डे दाखवत. मागून भाऊजी, बैलगाडीच्या चालीनं. रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याआधी ते खिडकीतून ओरडायचे, "आला रे!" आणि ताई माझं डोकं दोन्ही हातांनी धरायची. गाडी नुसती खाली बसायची, वर यायची. उडाली नाही.

एका जागी समोरून ट्रक आला. साइड द्यायची तर डांबरावरून खाली उतरावं लागणार होतं. भाऊजींनी गाडी रस्त्याच्या मधोमध बंद केली. ट्रकवाल्यानं आईबहिणीचा उद्धार केला. भाऊजी म्हणाले, "दे शिव्या. पन उतरनार तूच."

तो उतरला.

पुढे एक्स-रे, एमआरआय झाला. मणका मोडला होता, पण आतली नस शाबूत होती. ऑपरेशन करू, पाय येऊ शकतात, असं डॉक्टर म्हणाले. मागून आलेली आई हे सांगायला जावयाला शोधत बाहेर गेली.

जावई मार्केटला सोयाबीन विकायला गेलेले!

परत आले ते फाटक्या शर्टात. "आलोच होतो त म्हनलं इकून टाकू." आईला रडावं की ओरडावं कळेना.

ऑपरेशननंतर बरेच दिवस काही नाही. भाऊजी रोज माझ्या पायाशी उभे राहायचे. "हालव बे अंगठा. काहून हालवत नाईस?" जसा काही मी मुद्दाम करत होतो. एके दिवशी हलला. एवढं बडबडं तोंड भाऊजींचं. भिंतीकडे वळले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिले.

भाऊजी, तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही शिवीच दिली असती.

काल खांदा द्यायला पुढे झालो तर लोक म्हणाले, तुझी पाठ ऑपरेशनची, राहू दे.

ताई म्हणाली, "देऊ द्या त्याले."

घरापासून स्मशानापर्यंत मी खांदा बदलू दिला नाही. पूर्ण वाट चालत आलो, भाऊजी.

शेवटचा रामराम घ्या.