काच पुसणाऱ्याचं जेवण

महादेवीआक्का आमच्या वाचनालयात कामाला आल्या त्या सकाळी त्यांनी झाडू कुठे असतो हे विचारलंच नाही. कपाळाला विभूती, डोक्यावर इरकलीचा पदर, काखेत जेवणाचा डबा. अशा त्या सरळ वाचनकक्षातल्या फिश टँकपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आत चार गोल्डफिश डुलत होते आणि एक काळपट, खरखरीत मासा काचेला तोंड चिकटवून बसला होता. त्याच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्याला कोण जेवाय घालतं?"

मी तिथली ग्रंथपाल, म्हणजे सगळं ठाऊक असलेली बाई. म्हटलं, "त्याला वेगळं घालावं लागत नाही आक्का. तो सकर मासा. काचेवरचं शेवाळ खातो. दुकानदाराने तसं सांगूनच दिलाय."

"शेवाळ कुटं हाय?"

मी वाकून पाहिलं. काच लख्ख होती.

"म्हंजे काम संपलं, आन् जेवणबी संपलं?" एवढं बोलून त्या झाडू शोधायला गेल्या.

आक्कांचं माहेर मंद्रूपचं, राहणं भवानी पेठेतल्या एका खोलीत. बाहेर मराठी, घरात कन्नड, आणि राग आला की घर-बाहेर काही न पाहता कन्नड. त्यांच्या घरात मासा शिजलेला कुणी पाहिला नव्हता. वाचनालयाचे अध्यक्ष एकदा हसून म्हणालेही, "तुम्ही मासे खात नाही, मग याचा एवढा पुळका कशाला?" आक्का म्हणाल्या, "खात न्हाय म्हून तर. खाणाऱ्यानं पोसला तर त्यात काय नवल?"

सुरुवात मात्र त्यांनी साफ चुकीची केली. दुसऱ्याच आठवड्यात स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी कुस्करून टँकमध्ये टाकली. सकाळी पाणी पेजेसारखं पांढरं झालेलं, आणि एक गोल्डफिश उलटा होऊन तरंगतोय. त्यात आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड, त्यामुळे टँक धुवायचा तर प्यायच्या बॅरलला हात घालावा लागणार. अध्यक्ष तावातावाने आले, कारण टँक त्यांनीच वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला. कुणी विचारायच्या आत आक्का पुढे झाल्या. "भाकरी मीच घातली. चुकलं माजं. पण त्याला उपाशी ठिवलं ते तुमचं चुकलं, सायेब." अध्यक्षांना अशा माफीची सवय नव्हती.

मग मी मोबाइलवर वाचलं, मासे पाळणाऱ्या दोनचार जणांना विचारलं. सकर माशासाठी पाण्यात बुडणाऱ्या हिरव्या वड्या मिळतात. समितीपुढे विषय ठेवला तर हशा पिकला. सफाईच्या माशाला परदेशी वड्या! पण मासे पाळणाऱ्यांनी आणखी एक सांगितलं होतं, की उकडलेली भाजीही तो आवडीने खातो. दोडका, दुधी, काकडी, काहीही, फक्त मीठ-तेल नको.

"बिनमिठाचं?" आक्कांना ते पटेना. "दवाखान्यातला पेशंट हाय का त्यो?" तरी त्यांनी चहाच्या शेगडीवर दोडक्याचे चार काप उकडले. पहिला काप तरंगत वर आला आणि गोल्डफिशनी टोचून टोचून संपवला. सकर खालीच बसून राहिला. तेव्हा आक्कांनी चादरी विणायच्या सुताने पुढचा काप एका गुळगुळीत दगडाला बांधला आणि तळाशी सोडला. दिवसा तो मासा लाजतो हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून संध्याकाळी दिवे मालवताना दगड आत आणि सकाळी कुलूप उघडल्याबरोबर उरलंसुरलं बाहेर, नाहीतर पाणी नासतं. पहिल्या सकाळी दोडक्याचं नुसतं सालीचं कडं उरलं होतं. आक्का ते कडं बोटात अंगठीसारखं घालून माझ्या टेबलापर्यंत आल्या आणि इतक्या हसल्या की पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

त्यानंतर रोज काहीतरी नवं. दुधी चालला. लाल भोपळा तर फारच चालला. पालक वाफवून दिला तर देठ तेवढे ठेवायचा. शेपूकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. "शाना हाय," आक्का म्हणाल्या, "मलाबी आवडत न्हाय." हे सगळं यायचं त्यांच्याच स्वयंपाकातून. आमटीत पडायच्या आधी दोन काप बाजूला निघायचे, बस. त्यातही मन भरलं नाही, तेव्हा वड्यांची एक डबी माझ्याकडून वसूल केली आणि गुरुवारी एक वडी असा नेम ठरवला. मासा काचेला चिकटला की त्या बाहेरून त्याचं पोट बघायच्या. आत गेलेलं पोट भरत भरत गोल झालं. "बगा मॅडम, आता कसं मानसागत दिसायलंय."

मग त्या भाचीच्या लग्नाला आठ दिवस मंद्रूपला गेल्या. जाताना सूत, दगड आणि चिरलेल्या दोडक्याची पिशवी माझ्या हातात दिली. मी दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवसापासून पुस्तकांची वार्षिक मोजणी सुरू झाली आणि मी विसरले. हे लिहितानाही मला लाज वाटते. भुकेने कासावीस झालेला तो मासा एका गोल्डफिशच्या अंगाला चिकटला आणि त्याची बाजू त्याने पार खरवडून काढली. ते नेमकं अध्यक्षांनी पाहिलं.

आक्का परतल्या त्याच दिवशी समितीची बैठक होती. त्या चहा देत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "तो मासा हिंस्र झालाय. उद्या तलावात सोडून द्या. नवा लहानसा आणू."

आक्कांनी ट्रे टेबलावर ठेवला. "त्यो हिंस्र न्हाय. उपाशी हाय. आट दिवसात कुणी धड घातलं न्हाय त्याला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी समोरच्या कागदांवर नजर लावून बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. चूक माझी आहे, एवढंच. ते तोंडातून निघालं नाही.

"आक्का, तो काच साफ करायला आणलाय, पंगतीला नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग केली न्हाय का साफ? केली की! घाण काडतो म्हून घाणच खायाची व्हय त्यानं? मी हितलं संडास धुते. मी काय खाऊ, सांगा."

कुणीच कप उचलला नाही. अध्यक्षांचा आवाज चढला. "तुमची नोकरी कायम नाही, हे विसरू नका."

"न्हाय इसरले. मासाबी तुमचा कायम न्हाय." त्यांनी मोरीतली बादली आणली, टँकमधलंच पाणी तिच्यात घेतलं, ओल्या फडक्यात मासा अलगद धरून त्यात सोडला आणि काखेत आपला डबा घेऊन जिना उतरून गेल्या. मी खिडकीतून बघत राहिले. बादली जड होती. दर दहा पावलांवर त्या हात बदलत होत्या.

नवा लहान सकर आणला, तेव्हा काच लख्खच होती. त्यालाही कुणी काही घातलं नाही आणि पंधरवड्यात तो मेला. मग दोन महिन्यांत टँकची काच हिरवीगार झाली. पाहुणे आले की अध्यक्षांना ओशाळं वाटू लागलं. शेवटी त्यांनी मला सांगितलं, "आक्कांना परत बोलवा. मासा घेऊन या म्हणावं."

मी भवानी पेठेत गेले. खोलीच्या दारात सावलीला निळा बॅरल आडवा कापून ठेवला होता. त्यात छोटा पंप बुडबुडत होता, आणि वीतभर झालेला तो मासा एका लाकडाच्या ओंडक्याला चिकटला होता. आक्का आता कडक भाकऱ्या थापायच्या कामाला जात होत्या. त्यांनी मला चहा दिला, भाकरी दिली, शेंगाचटणी दिली. मी निरोप सांगितला आणि मग, बऱ्याच उशिरा, ते वाक्य बोलले. "आक्का, त्या आठ दिवसांत मीच विसरले होते."

"ठावं हाय. पिशवीत दोडकं तसंच हुतं की." त्यांनी माझ्या ताटात आणखी चटणी वाढली. "मी न्हाय येणार. त्योबी न्हाय येणार. तुमाला काच पुसाय कुणीतरी पायजे म्हून आलाव तुमी. जेवाय घालाय कुणी पायजे म्हून कोन आलं का?"

त्यांच्यावर काही बालंट येऊ नये म्हणून मी म्हटलं, "बरं, मग मी मासा मेला असं सांगते. विषय मिटेल."

आक्का ताडकन उठल्या. "मेला म्हून कशाला सांगताव? त्यानं काय चोरी केली का लपाय? पोटभर जेवायलाय म्हून सांगा. आन् काच तुमची तुमी पुसा म्हनावं."

पुढच्या बैठकीत मासा कुठे आहे असं अध्यक्षांनी विचारलं. मी उठून उभी राहिले आणि आक्कांचा निरोप एकही शब्द न बदलता सांगितला. "काय म्हणालात?" अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं. मी पुन्हा सांगितला, या वेळी आणखी मोठ्याने.